वाकड्या गोलपोस्टची सरळ गोष्ट

दचकू नका, मी गोलपोस्ट बोलतोय. ब्रॅमवेल कॉलेजच्या मैदानाच्या उत्तर टोकाचा. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा तो. रंग पिवळा, पाय एक आणि हात दोन, तेही कुणी पिस्तूल रोखल्यासारखे कायम वर. चेंडू लाथ मारून माझ्या दोन हातांमधून पाठवला की तीन गुण. काम एवढंच, पण आमच्या पोरांना तेही जमत नसे.

मला इथे आणलं, कारण माझ्या आधीच्याला लोकांनी उपटलं होतं. रागाने नव्हे हो, लाडाने! आमच्या आयोवा राज्यात मोठा सामना जिंकला की पोरं मैदानात घुसतात, गोलपोस्टला लोंबकळून त्याला आडवा करतात, खांद्यावर घेऊन गावभर मिरवतात आणि नदीत सोडतात. सेंट ऑल्डेन कॉलेजला हरवलं तेव्हा माझा पूर्वज असा वाजतगाजत गेला. दक्षिण टोकाचा थोरला गोलपोस्ट मला हे तिखटमीठ लावून सांगायचा. तेव्हापासून माझी एकच हौस होती, मलाही कुणीतरी पाडावं.

पण पाडणार कोण? सेंट ऑल्डेनवाले दर नोव्हेंबरात यायचे आणि आमची धूळधाण करून जायचे. आमचे लोक मध्यंतरालाच उठून मोटारींकडे जात, तिथे शेगड्यांवर सॉसेज भाजलेले असत. सामना बघण्यापेक्षा ते बरं, हे मलाही पटायचं.

त्यात एकदा गवत कापायच्या ट्रॅक्टरने मला पायाशी धडक दिली. तेव्हापासून मी डावीकडे किंचित कललो. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते नव्या कोचच्या. ऑगस्टमध्ये गॅरेट टेनपास आले. बारीक, टकले, शाळेत बीजगणित शिकवलेले. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभे राहिले, एक डोळा मिटून मला न्याहाळलं आणि कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंना, डॉ. लिंडक्विस्टना, बोलावून घेतलं.

"बाई, हा खांब डावीकडे कललाय."

"तुमचा संघ तरी कुठे सरळ आहे?" बाई म्हणाल्या. "हरायचंच आहे, तर खांब सरळ काय नि वाकडा काय! आणि हे बघा, टेनपास. यंदा सेंट ऑल्डेनला हरवलं नाहीत तर संघ बंद. विश्वस्तांनी ठरवलंय. मग हा खांब भंगारात आणि तुम्ही घरी."

बाई गेल्यावर कोचनी मला बोटाने टकटक केलं. "ऐकलंस ना रे? आपण दोघे एकाच दावणीला."

म्हणजे माझं पडणं ठरलंच होतं. प्रश्न एवढाच, की जायचं कसं? भंगाराच्या ट्रकमधून, की पोरांच्या खांद्यावरून?

मोसम सुरू झाला आणि पहिले दोन सामने आम्ही रीतसर हरलो. तिसरा जिंकत आलो होतो. आमच्या पोराने चेंडू पळवत नेला, पंचांनी गुण दिले, लोक नाचायला लागले. तेवढ्यात कोच स्वतः पंचांकडे गेले.

"गुण देऊ नका. माझ्या पोराचा पाय रेषेबाहेर पडला होता. मी पाहिलाय."

पंचांनी असलं काही जन्मात ऐकलं नसावं. सामना गेला. आमचा आडदांड कप्तान हॉलिस शिरस्त्राण आपटत आला.

"कोच, गप्प बसला असतात तर पोटात दुखलं असतं का?"

"दुखलं असतं," कोच म्हणाले. "मला खोटं पचत नाही रे. लहानपणापासूनचा त्रास आहे."

गावाने कोचला यथेच्छ शिव्या घातल्या. मीही घातल्या. हा माणूस मला भंगारातच घालणार, अशी माझी खात्री झाली होती. पण पोरं हळूहळू चोख खेळू लागली. कोचपासून काही लपत नाही आणि आपल्या बाजूने तो खोटं बोलत नाही, म्हटल्यावर करणार काय बिचारी? एकेक सामना जिंकत गेली, आणि लोक सॉसेज हातात घेऊन का होईना, शेवटपर्यंत थांबू लागले.

आणि सेंट ऑल्डेन आलं. कडाक्याची थंडी होती, मैदानाभोवती तीळ ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या मिनिटाला आम्ही सोळा, ते चौदा. चेंडू त्यांच्याकडे होता, माझ्या अगदी पुढ्यात. हॉलिसने त्यांच्या गड्याला लोळवलं, घड्याळात शून्य दिसलं, आणि लोकांचा बांध फुटला. शेकडो पोरं माझ्यावर तुटून पडली. काय सांगू तो आनंद! मी कुरकुरलो, वाकलो, पायातून मोडलो आणि लोकांच्या डोक्यांवर आडवा झालो.

"थांबा!" पंच ओरडले. "घड्याळ शून्यावर यायच्या आधीच सेंट ऑल्डेनने खेळ थांबवायला सांगितलं होतं. एक सेकंद बाकी आहे. त्यांना लाथ मारायचा हक्क आहे. आणि गोलपोस्ट कुठाय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग माझ्याकडे.

"गोलपोस्ट उभा करा," पंच म्हणाले, "नाहीतर सामना त्यांचा."

नवरदेव घोड्यावर बसला आणि खाली उतरवला, तसं झालं माझं. ज्यांनी पाडलं तीच पोरं मला धरून उभी राहिली. कमी पडली तेव्हा लिंडक्विस्टबाई उंच टाचांसकट चिखलात उतरल्या आणि माझ्या पायाला मिठी मारून बसल्या.

एक पोरगं कुजबुजलं, "चेंडू आला की दोन पावलं सरकू या. कोण बघतंय?"

"मी बघतोय," कोच म्हणाले. ते धावतच आले होते. मागे सरकून त्यांनी एक डोळा मिटला. "बाई, उजवीकडे घ्या. अजून थोडं. हां! आता ओळंब्यात आहे. पोरांनो, केसभर जरी हललात, तर मी स्वतः त्यांना तीन गुण देईन."

"टेनपास," बाई दात आवळून म्हणाल्या, "संघ बुडेल हो!"

"बुडू दे. सरळ धरा."

त्यांच्या पोराने दिवसभर मला बघून नेम बसवला होता, म्हणजे डावीकडे कललेल्या मला. त्याने लाथ मारली. चेंडू डावी कड धरून आला. मी रोजच्यासारखा कललेला असतो, तर तो आरामात आत गेला असता. पण त्या दिवशी मी सरळ होतो. चेंडू खण्णकन माझ्या डाव्या हातावर आपटला आणि बाहेर पडला.

पुढचं काय सांगू! चर्चच्या घंटा वाजत होत्या, मी खांद्यावर होतो, हॉलिस माझ्यावर घोड्यासारखा बसला होता आणि बाई चिखलाचे बूट हातात घेऊन मिरवणुकीत चालत होत्या. नदीचं पाणी बर्फासारखं गार होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पालिकेने मला बाहेर काढलं. माझा डावा हात आता कोचच्या अंगणात रोवलाय, वर चिमण्यांसाठी दाण्याचं भांडं टांगलंय. संघ चालू आहे. शेजारी सेंट ऑल्डेनचा जुना विद्यार्थी राहतो. दर शनिवारी कुंपणावरून तो म्हणतो, "खरं सांगा टेनपास, त्या दिवशी तुमच्या पोरांनी खांब हलवला ना?"

कोच नुसते हसतात आणि मला बोटाने टकटक करतात.

इतकी वर्षं वाकडा उभा होतो, तेव्हा कुणी ब्र काढला नाही. एकदाच सरळ उभा राहिलो, तर आख्खा जिल्हा मला वाकडा म्हणतो. तुम्हांला कुणी विचारलं तर एवढं सांगा, की हलवला खरा. सरळ करायला हलवला.