तीन दिवस दुकान बंद

मित्रांनो, माझ्या पाठीला डब्याचा टेकू दिलाय म्हणून हसू नका. बिजागरी मोडली की भल्याभल्यांना टेकू लागतो! मी जुना लॅपटॉप. मुंबईत निलेशच्या हाताखाली सात वर्षं राबलो. नवा आल्यावर त्याने मला मालवणाकडे, मसुऱ्यापलीकडच्या आपल्या गावी आईच्या हवाली केलं.

आई म्हणजे नर्मदाकाकू. शेजारच्या भक्तीने तिला माझ्यावर एक ऑनलाइन खेळ लावून दिला. पडद्यावर दुकान मांडायचं, माल भरायचा, भाव ठरवायचा. गिऱ्हाईक म्हणजे गावोगावचे दुसरे खेळाडू. काकूने खानावळ काढली. पहिल्याच दिवशी हंडाभर सोलकढी केली आणि निम्मी वाया गेली. "सोमवारी म्हावरा कोण खाता गो? मगे ह्ये कशे मागतत?" मासे मागणारी गिऱ्हाइकं बघून ती भक्तीला विचारायची. तिच्या प्रश्नांची मला इतकी गोडी लागली, की झाकण कधी उघडतं याची मी वाट बघायचो.

काकूला खरीखुरी खानावळ काढायची होती, घराच्या पडवीत. निलेशला मात्र पडवी सिमेंटच्या गोदामाला द्यायची होती. शेवटी तो फोनवर म्हणाला, "आये, महिनाअखेर त्या खेळात पयल्या धा नंबरांत इलस तर पडवी तुझी. नायतर गोदाम."

काकू अकराव्या नंबरावर पोचली, चार दिवस उरले आणि गावपळण आली! दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला, की आमचा सगळा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो. तीन दिवस गावात चूल पेटत नाही. त्यासाठी निलेशही मुंबईहून आला.

"काकी, मोबाइलवरसून दुकान चालव," भक्ती म्हणाली.

"गाव बंद, मगे माझा दुकान चालू कसा? ता काय गावाभायर आसा?"

निलेश पोट धरून हसला. काकूने खेळातल्या फळ्यावर लिहिलं, 'गावपळण आसा. तीन दिवस दुकान बंद. चवथ्या दिसा येवा.' मग मला हात जोडले आणि झाकण मिटलं.

घरात चिटपाखरू नाही. तिकडे माणसं काय रांधत असतील, कोंबड्या कुठे झोपत असतील, या विचाराने मी नुसता हैराण झालो.

चौथ्या दिवशी झाकण उघडलं. नंबर त्रेचाळीस! काकूचा चेहरा उतरला. "हरलंय रे झिला," ती म्हणाली, "कर गोदाम." मला फार वाईट वाटलं.

पण फळ्याखाली एकसष्ट निरोप आले होते. निलेश वाकून वाचायला लागला. 'गावपळण म्हणजे काय?' 'कोंबड्यासुद्धा नेता?' 'तुमची खरी खानावळ कुठे आहे? मे महिन्यात तारकर्लीला येतोय, तुमच्याकडे जेवायचंय.' त्याने सगळे वाचले, एकदाही न हसता. मग पडवीकडे बघत राहिला.

"आये," तो हळूच म्हणाला, "पडवी कधी सारवूची?"

आता पडवीत पंगती बसतात. दाराशी पाटी आहे, 'गावपळणीत बंद'. दुपारी हात पुसून काकू माझ्यासमोर बसते आणि नवं काहीतरी विचारते. माझा पहिला टेकू, तांदळाचा डबा, तांदळासकट खानावळीत गेला, तेव्हा तिने बाजारातून दुसरा डबा आणला, खास माझ्यासाठी. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी घरात कुणाला काही शिकायचं राहिलंय का, ते विचारा. आणि पाठीमागे एखादा डबा लावून बघा.