मेयोच्या किनाऱ्यावरची बाई

“माती जाळतात? चुलीत?” मुखरूचं वल्हं हवेतच थांबलं.

“ओली दलदल कापायची, विटेसारखी वाळवायची आन् जाळायची,” सिस्टर ब्रिजिड म्हणाल्या. “लाकूड कुठी आहे तिथी?”

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयो परगण्यातून ही बाई सिरोंच्याकडच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून आली, तेव्हा मुखरू आईच्या पोटात होता. आता गोदावरीवर त्याचा डोंगा चाले, आणि पलीकडच्या गावांत सुया टोचायला निघालेल्या सिस्टर ही त्याची कायमची सवारी. वाटेत मेयोचा विषय निघायचाच. तिथे म्हणे चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती. आणि वारा असा, की कोंबडी इथे बसते, अंडं शेजारच्या बेटावर पडतं. घरं आहेत, पण धूर नाही. तरणी पोरं बोटीत बसून परदेशी गेली, ती गेलीच.

“साप?”

“एक नाई.”

“मंग माणसं मरतात तरी कायनं?”

“समुद्रानं. कोळी पोहायले शिकतच नाई. समुद्रानं धरलं तर सोडत नाई, मंग उगाच हातपाय कायले मारायचे?”

मुखरू हसला, पण पाण्याकडे बघत.

मग त्यांनी तेही सांगून टाकलं. होडीकडे जाताना लाल केसांची बाई दिसली, तर मेयोचा कोळी तसाच घरी परततो. “माहा काका मले पाहून रोज शिव्या देत जाये,” आणि त्यांनी डोक्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर टिचकी मारली.

मुखरूने ही गोष्ट घाटावर नेली. घाटावरच्या गोष्टीला पाय नसतात, पंख असतात. अमावास्येपर्यंत सिस्टरांनी नुसत्या डोळ्यांनी सात जहाजं बुडवली होती. ऐकून त्या स्वतःच पोट धरून हसल्या.

श्रावणात नदी चढली. नाले भरून रस्ते बंद झाले आणि त्याच सकाळी मुखरूच्या बायकोचं, कांताचं, बाळ पोटात आडवं आलं.

“माह्याच्यानं नाई होणार,” सिस्टर म्हणाल्या. “पोट कापणारा डॉक्टर पलीकडं आहे. चाल.”

कांताला डोंग्यात निजवलं. मुखरूचा भाऊ पुढे बसला. सिस्टरांनी पाय टाकला आणि वाऱ्याने डोक्यावरचं फडकं उडवलं. साठी उलटली होती, तरी केस भट्टीतल्या विटेसारखे लाल.

मुखरूने बांबू आडवा धरला. “बाई, तुमी नका येऊ.”

“अरे, ते गमतीनं सांगितलं होतं!”

“गमतच व्हय. पण नका येऊ.”

कांता कण्हली. वाद घालायला वेळ नव्हता. सिस्टर उतरल्या.

काठावर मुखरूची आई केसरबाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. सिस्टर तिच्याशेजारी गेल्या आणि नदीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“हे काय वो बाई?”

“त्याचं मन शांत राहू दे. तू पाह्य. मले सांग.”

“निंगाला डोंगा... सरळ आहे... आता मधात आला.”

वरच्या धारेतून एक अख्खं झाड मुळांसकट गरगरत आलं. ते पुढे गेलं, तेव्हा मागे नुसतं तांबडं पाणी होतं.

केसरबाईनं नातीचं तोंड खांद्यात दाबून धरलं.

“केसर?”

“जाऊन राह्यले, बाई.”

“पोचले काय?”

“थोडंच राह्यलं,” केसरबाई म्हणाली. “थोडंच.”