उशाखालची पेटी

पुदेन्सच्या दारावर मी तिसऱ्यांदा थाप मारली, तेव्हा आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. दार काही तिनं उघडलं नाही. पुदेन्सला पहाटेपासून ओकाऱ्या होताहेत, डोळे लालभडक झालेत, तो आज कुणाकडेही येणार नाही, असं तिनं दारामागूनच सांगितलं. मी म्हटलं, माझी सासू जायला टेकली आहे आणि तिला प्रभूची भाकर हवी आहे.

"पेटी तुमच्या घरातच आहे ना?" ती म्हणाली. "मग माझ्या दाराशी कशाला आलीस?"

कशाला आले ते तिला चांगलं ठाऊक होतं. आमच्या साऱ्या ख्रिस्ती मंडळीला ठाऊक होतं. पण माणूस घरात मरत असला की बायकांच्या जिभेला धार येते, आणि तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. मी निघाले.

आमच्यात रविवारी प्रभूची भाकर मोडली की जो तो आपला तुकडा घरी आणतो, लहानशा पेटीत ठेवतो, आणि रोज सकाळी काहीही खाण्याआधी त्यातला कण तोंडात टाकतो. माझी सासू बिरीक्ता हिची डावी बाजू त्याच्या चार वर्षं आधी लुळी पडली होती. म्हणून मंडळीचा सेवक पुदेन्स तिचा तुकडा घरपोच आणून देई. बोटाच्या पेराएवढा असे. तो तुकडा सासू उजव्या हातानं घेई आणि उशाखालच्या पेटीत स्वतः ठेवी. ऑलिव्हच्या लाकडाची, वीतभर लांबीची पेटी, माझ्या नवऱ्यानं कोरलेली. नवरा समुद्रानं नेला, पेटी आणि आई माझ्याकडे राहिली. लापशी ती माझ्या हातची खाई, अंग माझ्याकडून पुसून घेई, गू-मूत मीच काढी. पेटीला मात्र मी शिवायचं नाही. रोज सकाळी ती म्हणायची, "तोंड फिरव, आरिशा." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. मागं झाकण वाजायचं, मग पुन्हा वाजायचं. "हं, आण आता लापशी," ती म्हणायची.

कारण माझे हात बाटलेले होते.

त्याच्या आदल्या वर्षी सम्राटाचा हुकूम आला, की प्रत्येकानं टेकडीवरच्या देवळात जायचं, देवांपुढं धूप टाकायचा, द्राक्षाची दारू ओतायची, बळीच्या मांसाचा घास खायचा आणि तसा दाखला घ्यायचा. दाखला नसेल त्याला पकडून न्यायचे. पुदेन्स डोंगरात पळाला. पाळक कास्तुलोला खाणीत धाडलं. मी देवळापुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्यापुढं आमच्याच मंडळीतले सात-आठ जण होते, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या टाचांकडे बघत होतो. अधिकाऱ्यानं घरात आणखी कोण आहे ते विचारलं. सासू आहे, अंथरुणाला खिळलेली, असं मी सांगितलं. मग तिच्या नावाचीही टाक, तो म्हणाला. मी धुपाच्या दोन चिमट्या टाकल्या. कारकुनानं एकाच दाखल्यावर दोन नावं लिहिली.

हे मी सासूसाठी केलं, असं मी पुढं पुष्कळदा सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मलाही मरायचं नव्हतं.

घरी आले तेव्हा ती छताकडे बघत पडली होती. दाखला वाचून दाखवल्यावर तिनं फक्त एवढंच विचारलं, "माझं नाव कुणाला विचारून घातलंस?" मग भिंतीकडे मान वळवली. हुकूम ढिला पडला, सम्राटही गेला, आणि पुदेन्स परत आला, तेव्हा तिनं त्याला माझ्यासमोर सांगितलं, की तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती झोपेत होती. पुदेन्सनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यावर डाग नाही, असं मंडळीनं ठरवलं. मला जाडंभरडं पोतं नेसून, अंगाला राख फासून सभेच्या दाराबाहेर गुडघे टेकायला लावलं. आत जाणाऱ्यांचे पाय धरायचे, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणायचं. नऊ महिने मी ते करत होते. आतून कास्तुलोचा आवाज बाहेर यायचा. खाणीतून तो एका डोळ्यानं आंधळा होऊन सुटला होता. तारण माणसाच्या कर्मानं मिळत नाही, कृपेनं मिळतं, विश्वास ठेवा, असं तो सांगायचा, आणि आतल्या बायका हुंदके द्यायच्या. मग ही राख कशाला, असं विचारायची माझी छाती नव्हती.

मग साथ आली. आधी बंदराकडे, मग आमच्या कुंभारवाड्यात. बिशपांचा निरोप आला, की राखेत बसलेल्यांपैकी जो मरणाच्या दारात असेल त्याला माफी देऊन भाकर द्यावी, बाकीच्यांनी थांबावं. म्हणजे माफी हवी तर आधी मरायला टेका. मी दोनदा आजारी घरांत मुद्दाम पाणी भरायला गेले, त्यांच्या ओकाऱ्या पुसल्या, त्यांच्याच भांड्यातून पाणी प्यायले. मला साधी शिंकसुद्धा आली नाही. माझी प्रकृती आमच्या भट्टीच्या भिंतीसारखी ठणठणीत. ताप आला तो सासूला.

तापाचा तो तिसरा दिवस होता. पोट वाहून वाहून तिच्यात काही उरलं नव्हतं, घशात फोड आले होते, डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. सकाळी तिनं सवयीनं "तोंड फिरव" म्हटलं, आणि उजवा हात उशाखाली घालायला गेली, पण हात चादरीवरून उठलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुणाला तरी आण." म्हणून मी पुदेन्सकडे धावले होते.

तिथून कास्तुलोच्या घरी गेले. तो खालच्या गावात प्रेतं पुरायला गेला होता, परवाशिवाय येणार नव्हता. दिवे विकणारी म्हातारी विधवा मंडळीतली होती. तिच्या दाराला बाहेरून कडी होती. मंडळीतल्याच सुताराच्या घरात सगळे जमिनीवर आडवे होते, आणि त्यांतलं कोण जिवंत आहे ते मी बघत बसले नाही. टळटळीत ऊन होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. अख्ख्या गावात धड हात उरले होते ते माझेच, आणि तेवढेच चालत नव्हते. मी रस्त्यातच खाली बसले आणि प्रभूला शिव्या दिल्या. खरंच दिल्या. मग उठून घरी आले.

शेजारीण झाबुल्ला सासूपाशी बसून तिला वारा घालत होती. ती आमच्यातली नाही. आकाशातल्या देवीला दर महिन्याला कबुतर वाहते. सासूशी तिचं तीस वर्षांचं भांडण आणि तीस वर्षांचं येणं-जाणं. कुणी आलं नाही, मी सांगितलं. झाबुल्लाला आमची सगळी भानगड माहीत होती. ती म्हणाली, "मग मी देते की. मी तुझ्यासारखा दगा नाही दिला कुणाला. माझी देवी पहिल्यापासून तीच आहे."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. सासूनं चांगल्या कानानं ऐकलं असावं. तिनं झाबुल्लाच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि तिला घरी जा म्हणून खूण केली. झाबुल्ला गेली. दारातून मागं वळून बघत गेली.

"पेटी काढ," सासू म्हणाली.

"नाही, आत्याबाई."

"काढ."

खालच्या आळीतल्या एका बाईनं बाटलेल्या हातांनी पेटी उघडली आणि तिचे हात मनगटापर्यंत काळे पडले, असं आमच्यात बोललं जायचं. मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. पण भीती तेवढीच नव्हती. मी तिला सांगितलं, की तुमचं सगळं नीट जमलंय, तुम्ही डागाविना निघालात, शेवटच्या घटकेला माझ्या हातांनी त्याची माती करून घेऊ नका. भाकरीवाचून गेलात तरी प्रभू समजून घेईल. माझ्या हातची खाल्लीत तर काय होईल मला ठाऊक नाही.

"काय जमलंय माझं?" ती म्हणाली. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "उघड. आणि आज तोंड फिरवू नकोस."

मी हात धुतले. भट्टीवर दिवे घडवून नखांत गेलेली माती निघत नाही, तरी घासत राहिले. मग उशाखालून पेटी काढली. एवढीशी पेटी, पण हाताला भरलेली लागली. झाकण घट्ट बसलं होतं. अंगठ्यानं जोर देऊन उघडलं.

पेटी काठोकाठ भरलेली होती. पेराएवढे तुकडे, एकावर एक रचलेले, खालचे दगडासारखे वाळलेले, वरचा गेल्या रविवारचा. एकाचाही कण मोडलेला नव्हता.

"हे काय?" मी म्हटलं.

"तू तोंड फिरवायचीस," ती म्हणाली. "मी झाकण वाजवायचे."

मला काही कळेना. तिनं डोळे मिटले आणि तसंच बोलत राहिली. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"त्या दिवशी मी जागी होते. तू पेटाऱ्यातून चांगली ओढणी काढलीस. भट्टीवर चिखल तुडवायला कुणी ती ओढणी घेतं का? मला कळलं कुठं निघालीस ते. हाक मारायला तोंड उघडलं. आणि मिटलं." ती थांबली. घशात खरखर होत होती. "म्हटलं, जाऊ दे हिला. ही टाकेल, मी वाचेन, माझ्या अंगावर काही यायचं नाही. मग पुदेन्ससमोर झोपेत होते म्हणाले. एकदा तसं म्हटल्यावर तो तुकडा गिळायचा कसा? सांग ना, कसा गिळायचा?"

मला राग आला. दया नंतर आली, आधी रागच आला. नऊ महिने मी पोतं नेसून लोकांच्या पायांवर डोकं घासलं, आणि ही बाई घरी अंथरुणात पडून मला तोंड फिरव म्हणत होती. पेटी भिंतीवर आपटावी असं वाटलं. मी ओरडले. म्हटलं, आता मी काय करू ते तरी सांगा. सेवक तिकडे मरतोय, पाळक गावात नाही, तुम्ही बाटलेल्या, मी बाटलेली. कुणी कुणाला द्यायचं?

तिनं डोळे उघडले. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "मला भूक लागलीय गं, आरिशा."

एवढंच. तीन दिवस तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, तिला कसली भूक लागणार. पण ती भूक मला कळली, कारण नऊ महिने दाराबाहेर मलाही तीच होती.

मी वरचा तुकडा घेतला, कण मोडला, वाटीतल्या पाण्यात भिजवला. हात काळा पडतो का म्हणून मी बघत होते. "प्रभूचं शरीर," मी म्हटलं. ते म्हणायचा अधिकार मला नव्हता, पण नुसतं कसं द्यायचं? तिनं "आमेन" म्हटलं. घशातल्या फोडांवरून तो कण उतरायला फार वेळ लागला. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. पण उतरला.

मग तिची उजवी बोटं चादरीवरून सरकत पेटीपाशी आली. एक वाळका तुकडा तिनं चिमटीत धरला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा धरला आणि हात माझ्याकडे उचलायला लागली. वीतभर उचलला असेल, पुढं जाईना. तसाच अधांतरी राहिला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी वाकले.

ऊन उतरायच्या आत ती गेली. तिसऱ्या दिवशी कास्तुलो आला, तोवर पुदेन्सही गेला होता. मी कास्तुलोला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो वाईट माणूस नाही. एका डोळ्यानं ढसाढसा रडला. मग उरलेले तुकडे कापडात बांधून घेऊन गेला, आणि म्हणाला, की सासूचा न्याय आता प्रभू करील. माझे मात्र दोन गुन्हे झाले, धुपाचा एक आणि बाटलेल्या हातांनी भाकर देण्या-घेण्याचा दुसरा. दोन्हींचा पश्चात्ताप मंडळीसमोर सांगितल्याशिवाय त्याला मला आत घेता येणार नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. साथ अजून येते-जाते. मला काही होत नाही. दाखल्यासाठी टाकलेल्या दोन चिमट्यांसाठी मी दर रविवारी रडते, ते रडू अजून आटलेलं नाही. दुसऱ्या गुन्ह्यासाठी रडायला बसले तर रडू येत नाही. खोटं रडता येईल, पण खोट्यानं काय होतं ते मी त्या पेटीत पाहिलंय. माझ्या शेवटच्या घटकेला कुणी येईल की नाही ते मला ठाऊक नाही. रिकामी पेटी उशाखाली ठेवून झोपते.

दर रविवारी सभेत आत जाताना कास्तुलो दाराबाहेर गुडघे टेकलेल्या माझ्यापुढं थांबतो. खाली वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारतो, "झालं का मन तयार?"

"पाळकबाबा," मी म्हणते, "तिला भूक लागली होती. मलाही."

तो सरळ होतो. मग आत जातो, आणि दार लागतं.