माशीमावशीची पाचवी वाटी

मधाच्या गोदामात नवं पिंप उघडलं की पहिला चमचा मावशीचा. चाखायचं, डोळे मिटायचे आणि वहीत चव लिहायची, हे तिचं तेवीस वर्षांचं काम. सगळे तिला माशीमावशी म्हणत. "मधावर जगते आणि चिडली की डसते," असा खुलासा तिचा नवराच करी. तो याच गोदामाचा ट्रक चालवी आणि देशाच्या चारी टोकांहून पिंपं आणी. मावशी मात्र या शहराची वेस ओलांडून कधी गेली नव्हती. तिच्या वहीत आणखी एक गंमत होती. एवढी पानं भरली, पण 'गोड' हा शब्द त्यात कुठेच नाही. गोड तर सगळंच असतं, त्यात लिहायचं काय?

नवे मॅनेजर आले आणि पिंपांवरच्या चिठ्ठ्या बघून वैतागले. "खाडी, डोंगर, माळ, जंगल! काय पसारा हा? मध तो मध. सोमवारपासून सगळा एकाच टाकीत ओता."

"आणि मी काय करू? टाकीवर झाकण होऊन बसू?"

"तुम्ही आता आराम करा, मावशी."

मावशी तडक गोदामाच्या मालकीणबाईंकडे गेली. "बाई, देवानं एकेक फूल जीव लावून वेगळं घडवलं, ते काय आपण टाकीत बुडवावं म्हणून?"

बाई हसल्या. "उद्या पाच वाट्या ठेवते. डोळे बांधून ओळख. पाचही ओळखल्यास तर पिंपं वेगळी राहतील."

दुसऱ्या दिवशी चाखणीच्या टेबलाभोवती सगळे जमले. मॅनेजरांनी स्वतः रुमाल बांधला, जरा घट्टच.

पहिला चमचा. "पातळ आहे. जिभेच्या कडेला मीठ. भरतीच्या पाण्यात पाय रोवून झाडं फुलतात ना, तिथला. खाडी."

"अगदी! तिथे माझा ट्रक दोन दिवस रुतला होता," नवरा बोलून गेला.

दुसरा. "जाता जाता कडवट. जांभूळ. उंच डोंगर, ढग पायाखाली, माश्यासुद्धा धुकं हटेपर्यंत थांबतात."

तिसऱ्याला ती म्हणाली, "तिळाचा. मोकळा माळ, वारा नुसता भणभण." आणि चौथ्याला हातच जोडले. "यात एक फूल नाही, शंभर आहेत. घनदाट रान. खाली ऊन पोचत नाही, आणि वर शेंड्यावर पोळं लोंबतंय. काय ठेवलंय देवानं आपल्या पदरात!"

"अगं, त्याच रस्त्यांनी जन्म गेला माझा," नवरा म्हणाला, "खड्ड्यांशिवाय काही दिसलं नाही मला!"

पाचवा चमचा. मावशीने तो दुसऱ्यांदा घेतला. असं ती कधी करत नसे. मॅनेजरांच्या ओठांवर हसू आलं.

"वाईट नाही," ती सावकाश म्हणाली. "पण चौघं एकदम बोलताहेत. मीठ आहे, समुद्र नाही. कडू आहे, डोंगर नाही. साहेब, हा गोड आहे. नुसता गोड."

मॅनेजरांचं हसू मावळलं. चारही पिंपांतला मध त्यांनीच सकाळी त्या वाटीत कालवला होता. त्यांनी पाचव्या वाटीतला चमचाभर घेतला, मग पहिल्या वाटीतला. पहिल्यावर थांबले.

"मीठ... लागतंय की हो."

"लागणारच," बाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या राहू द्या."

रुमाल सोडता सोडता मॅनेजरांनी हळूच विचारलं, "मावशी, ती खाडी असते तरी कशी?"

"मला काय ठाऊक? मी कुठे बघितलीय!"

नवऱ्याने घसा खाकरला. "सोमवारी ट्रक तिकडेच जातोय. शेजारची सीट रिकामी आहे म्हटलं."

मावशीने वही पिशवीत घातली. "येते. खड्डे तुम्ही बघा, बाकीचं मी बघते."