चौकडीचा विराम

पत्रकाचा मथळा धाकटीनंच लिहिला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. "यंदा चौकडीचा विराम", एवढंच. खाली हंगामातल्या कार्यक्रमांच्या तारखा, सभागृहाचा पत्ता आणि शाळाशाळांतून केलेल्या प्रात्यक्षिकांची हकिगत. चार वादकांच्या या चौकडीचं पत्रक दरवर्षी तीच लिहायची. दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाकडे वेळच वेळ असतो, असा बाकीच्या तिघांचा पक्का समज होता.

आता 'विराम' हे होतं एका नव्या रचनेचं नाव. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी लिहिलेली, आणि लिहिणारी धाकटी स्वतः. आयुष्यातली पहिली रचना. केस पांढरे झाल्यावर माणसं गुडघ्यांची औषधं शोधतात, हिनं हे शोधलं. पण "आमच्या धाकटीची रचना" असं छापायची तिला लाज वाटली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची खोडच होती. तिनं स्वतःचं नाव गाळलं, अवतरणचिन्हं गाळली, 'रचना' हा शब्दही गाळला. उरलं ते वाचून गावभरच्या रसिकांनी एकच अर्थ काढला, की चौकडी बंद पडली.

मग सांत्वनाला सुरुवात झाली. एका निवृत्त मास्तरीणबाईंनी फोनवर हुंदके दिले. कुणी फुलं पाठवली. जे गृहस्थ प्रत्येक कार्यक्रमात दुसऱ्या रांगेत बसून घोरत, त्यांनी लिहिलं की आता संध्याकाळी जायचं कुठं. धाकटी प्रत्येकाला समजावत राहिली, की अहो, आम्ही आहोत, विराम म्हणजे गाण्याचं नाव आहे, म्हणजे गाणं नाही, रचना. ऐकणारे मायेनं म्हणत, हो हो, आम्ही समजू शकतो. जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत हे पटवून देता येत नाही, असं तिच्या लक्षात आलं.

खरी पंचाईत सभागृहात झाली. तिथल्या मॅनेजरला ही चौकडी कधीच आवडली नव्हती. जुन्या ओळखीच्या चिजा वाजवायच्या सोडून हे लोक आजकालच्या हयात माणसांनी लिहिलेलं काहीतरी वाजवतात, आणि ऐकायला येणाऱ्यांपेक्षा खुर्च्याच जास्त असतात, हे त्याचं दुखणं. तो त्यांना चांडाळ चौकडी म्हणायचा, आणि तेही त्यांना ऐकू जाईल असं. पत्रक वाचून त्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्यानं चौकडीच्या उरलेल्या सगळ्या तारखा एका गाद्यांच्या व्यापाऱ्याला प्रदर्शनासाठी देऊन टाकल्या.

धाकटी आणि थोरली, दोघी बहिणी त्याच्याकडे गेल्या. थोरली म्हणजे पहिलं व्हायोलिन. चौकडी तिनं काढलेली, आणि कुठलीही रचना सुरू व्हायची ती तिच्या श्वासावर. ती नाकानं एक श्वास घ्यायची, मान किंचित उचलायची, की चारी गज एकदम तारांवर. धाकटी लहानपणापासून त्या श्वासाच्या मागोमाग चालत आलेली.

मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं आणि पत्रक त्यांच्यापुढे सरकवलं. "बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?" पायावर धोंडा आपणच मारून घेतलेला. मग तो खुशीत आला. पहिली तारीख मात्र त्यानं राखून ठेवली होती. ती निरोपाचा कार्यक्रम म्हणून जाहीरही केली होती, आणि एकही तिकीट शिल्लक नव्हतं. लोक जिन्यात उभं राहून ऐकायला तयार होते. जुनं, गोड काहीतरी वाजवा, शेवटी पुष्पगुच्छ देऊ, छान होईल, असं तो म्हणाला. कार्यक्रमाच्या शेवटी 'विराम' नावाची एक नवी रचना आहे, एवढं थोरलीनं सांगून पाहिलं. त्यानं मान डोलावली. "वा, निरोपाला नाव अगदी समर्पक." हा शब्द ज्याच्या त्याच्या हातात जाऊन उलटाच होत होता.

जिना उतरताना थोरली भराभर पुढं निघाली. रागावली असेल असं धाकटीला वाटलं. पण तो राग नव्हता. तिला मोह पडला होता.

ते सरावाच्या खोलीत उघड झालं. ही खोली थोरलीच्या घरातली. चार खुर्च्या, चार स्टँड, खिडकीला जाड पडदे आणि शेजाऱ्यांशी जेमतेम टिकलेले संबंध. चेलोवर थोरलीचा नवरा, धाकटीचे भावोजी. व्हायोलावर दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांचे जबडे उघडून ते दमत, आणि इथं येऊन स्वतःचं तोंड बंद ठेवत. थोरली म्हणाली, भरलेलं सभागृह काय असतं ते आपण कधी पाहिलंच नाही. हट्टानं नवं वाजवलं, चार माणसांपुढे वाजवलं, झालं ते झालं. आता लोक प्रेमानं येतायत, उठून टाळ्या वाजवतील. यापेक्षा बरा शेवट आपल्याला कोण देणार आहे?

"रिकाम्या खुर्च्यांपुढं वाजवून माझा हात दुखायला लागलाय गं," ती म्हणाली. "एकदा भरलेलं बघून जाऊ दे ना."

"पण ताई, जायचं कुणाला आहे?"

थोरली गजाला राळ चोळत बसली. धाकटीनं भावोजींकडे पाहिलं. ते असल्या वेळी नेहमी तळ्यात मळ्यात करत. आपलं मत घरी ठरतं आणि हे घरच आहे, असं म्हणून त्यांनी सुटका करून घेतली. डॉक्टरांनी मात्र तोंड उघडलं. सभागृह नाही तर नाही, दवाखाना बंद झाल्यावर त्यांची बाहेरची खोली रिकामीच असते, बाकं आहेत, दिवा आहे. तिथं बसणारे लोक काहीही सहन करायच्या तयारीनंच येतात. धाकटी हसली. थोरली हसली नाही.

'विराम'चा घाट साधा होता. पहिला भाग हळू, मऊ, झोप लागावी असा. मग चारी वाद्यं एकदम थांबतात आणि लांबलचक शांतता. त्यानंतरचा भाग पहिल्यापेक्षा मोठा आणि अडेलतट्टू. गज तारांवर आपटत जातो, एकच सूर पुन्हा पुन्हा येतो आणि हलायचं नाव घेत नाही. त्या भागाची सुरुवात थोरलीनं करायची नव्हती. ती धाकटीनं दुसऱ्या व्हायोलिनला दिली होती, आणि हे कागदावर लिहून झाल्यावर तिनं ते पान उलटं घालून ठेवलं होतं.

आणि या चौकडीची एक वाईट सवय होती. मधली शांतता ते सरावात कधी पाळतच नसत. न वाजवण्याचा सराव कोण करतो? वेळ वाचवायला थोरली "पुढं" म्हणायची आणि सगळे पुढं. 'विराम'चंही तेच झालं. अमुक इतका वेळ गज हवेत धरून बसायचं हे चौघांनाही माहीत होतं, कारण गज हवेत आहे तोवर संगीत संपलेलं नसतं, हे वादकाला कुणी शिकवावं लागत नाही. पण खोलीत ती शांतता त्यांनी एकदाही पुरती ऐकली नव्हती.

शेवटी थोरलीनंच तोडगा काढला. पहिला भाग वाजवायचा, शांततेपाशी गज खाली घ्यायचे, उठून वाकायचं. तेवढंच गोड आहे, लोकांना शेवट वाटेल, आणि तुझी रचनाही झाली म्हणता येईल. अर्धी तुझी, अर्धी त्यांची. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. जिवंत माणसाला अर्धं पुरल्यासारखं होतं ते. पण मोठ्या बहिणीपुढं मूग गिळून बसायचं तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की ती म्हणाली, बघू. थोरलीनं ते 'हो' धरलं. आयुष्यभर तसंच धरलं होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह खरंच तुडुंब भरलं. जिन्यात माणसं, भिंतीला टेकलेली माणसं, रुमाल आधीच हातात घेऊन आलेली माणसं. यातली निम्मी याआधी एकदा तरी आली असती तर निरोपाची वेळ आली नसती, असं धाकटीच्या मनात आलं आणि तिचा संताप झाला. हे आपल्याला ऐकायला आलेले नाहीत, पोचवायला आलेत. आपण संपतोय म्हणून आपण यांना आवडतोय. जुन्या चिजा वाजवताना तिचा गज नेहमीपेक्षा जोरात चालत होता. थोरलीनं दोनदा डोळ्यांनी दटावलं.

मग 'विराम'. थोरलीनं श्वास घेतला आणि पहिला भाग सुरू झाला. बरा झाला, खरं तर फार सुंदर झाला. थोरली इतकं मऊ वाजवत होती, की धाकटीला तिचा राग धरणंही कठीण गेलं. चौघं एकदम थांबले. शांतता पडली.

थोरलीनं गज अलगद मांडीवर घेतला. पाठोपाठ भावोजींनी. टाळ्या कडाडल्या, लोक उभे राहिले, कुणी रडू लागलं, आणि मॅनेजर दोन्ही हातांत पुष्पगुच्छ घेऊन पायऱ्या चढून वर आला.

धाकटीचा गज हवेतच होता.

डॉक्टरांनी तो पाहिला आणि मांडीकडे निघालेला आपला गज पुन्हा वर नेला. टाळ्या चालूच होत्या. मॅनेजर थोरलीपाशी पोचला, एक पुष्पगुच्छ तिच्या हातात दिला. मग त्याचं लक्ष धाकटीकडे गेलं आणि तो हळूच म्हणाला, बाई, झालं. धाकटीनं मान हलवली नाही. खांदा भरून आला होता, तरी गज वरच होता, आणि तो सगळ्या सभागृहाला दिसत होता. पुढच्या रांगांतल्या टाळ्या थांबल्या. मग मागच्याही थांबल्या. सगळे उभे, आणि काय करावं ते कुणालाच कळेना. तिनं कागदावर लिहिली होती त्यापेक्षा ही शांतता कितीतरी लांब झाली. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त मजा वाटली.

"संपलेलं नाही," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "रचना माझी आहे, अर्धी राहिलीय. ती आत्ता वाजवतो, आणि पुढच्या महिन्यात दुसरा कार्यक्रम करणार आहोत, डॉक्टरांच्या दवाखान्यात. बसून घ्या."

खुर्च्यांचा खडखडाट झाला. काही बसले. काही उठलेलेच होते ते तसेच दाराकडे निघाले, फसवणूक झाल्यासारखे. मॅनेजर उरलेल्या पुष्पगुच्छांसकट मधोमध उभा राहिला, कारण त्याला कुठं बसायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीचा चेहरा लाल झाला होता. ती सभागृहाकडे बघत होती, पहिल्यांदाच भरलेल्या आणि आता रिकाम्या होऊ लागलेल्या खुर्च्यांकडे, आणि तिचे डोळे भरले होते. धाकटी थांबली. ताईशिवाय हे वाजवता आलं नसतं, आणि तिला ते वाजवायचंही नव्हतं. मग थोरलीनं नाक ओढलं, पुष्पगुच्छ मॅनेजरच्या हातात परत दिला आणि व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. भावोजींनी तेवढ्यात चेलो सावरला होता. थोरलीचा गज वर गेला आणि तिथंच थांबला. सुरुवात तिनं केली नाही. धाकटे, चल, असं तिनं नुसत्या भुवईनं सांगितलं.

धाकटीनं नाकानं श्वास घेतला, आणि तिघं तिच्या मागोमाग आले.