होईलअण्णांची चौथी म्हैस

मोटर जळल्याचा वास विहिरीपासून घरापर्यंत आला, तेव्हा अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. वास कशाचा आहे ते त्यांना कळलं. पण कळलं असं दाखवलं की उठावं लागतं, म्हणून त्यांनी पान उलटलं.

"अहो, मोटर गेली!" वहिनी शेतातून धावत आल्या. पाय चिखलाने भरलेले, हातात खुरपं तसंच. "अर्ध्या वाफ्यांत पाणी गेलं आणि धूरच आला."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? मिरची फुलावर आली आहे. हे असलं ऊन. जमिनीला आत्ताच भेगा पडायला लागल्यात, बोट जाईल एवढ्या."

"होईल काहीतरी."

"काय होईल?"

"होईल गं. आजवर काही अडलंय का आपलं?"

"मिस्त्री गेल्या खेपेलाच म्हणाला होता, आता जळली तर नवीच घ्या. पैसे कुठून आणायचे?"

"पैसा येतो, पैसा जातो. त्याचा विचार करत बसलं की माणूस दुःखी होतो. सगळा खेळ विचारांचा आहे."

"मग मी काय करू?"

"विचार करू नकोस."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. पेपरच्या पलीकडे अण्णांचं तोंड होतं आणि अलीकडे दंतमंजनाची जाहिरात. जाहिरातीतली बाई हसत होती.

"एखादी म्हैस विकावी लागेल," वहिनी जाहिरातीला म्हणाल्या. "विकू ना?"

"हं. होईल, होईल," जाहिरातीतून उत्तर आलं.

गावात अण्णांना होईलअण्णा म्हणत ते उगीच नाही. तोंडावर नुसतं अण्णा म्हणायचं, पाठीमागे पूर्ण नाव. कौलं फुटली, होईल. गोठ्याची भिंत कलली, होईल. आणि खरी मेख अशी की होत होतं. कौलं बदलली जायची, भिंत सरळ व्हायची, सकाळी चहा व्हायचा, धार निघायची, दूध डेअरीला पोचायचं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की प्रत्येक क्रियापदाला कर्ता लागतो. अण्णांच्या घरात कर्त्यावाचून सगळी क्रियापदं व्यवस्थित चालत होती. कागदोपत्री मात्र 'घरातला कर्ता पुरुष' या रकान्यात अण्णांचंच नाव होतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. दारू नाही, कुणाशी भांडण नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. आवाज चढवायलाही आधी लक्ष द्यावं लागतं. दिवसभर चहाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून तो आनंदी असायचा, आणि आम्ही बाकीचे, खतं, बियाणी आणि पोरांच्या फिया यांनी पिचलेले, त्याच्या शेजारी बसून थोडी सावली घ्यायचो. त्याच्याकडे बघून बरं वाटायचं. असं जगता येतं, असं वाटायचं. कुणाच्या जिवावर, हे आम्ही कधी विचारलं नाही, कारण ते विचारलं असतं तर आपापल्या घरापर्यंत गेलं असतं.

मोटर जळल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळी आम्ही त्या बाकावर होतो. गल्लीतून एक टेम्पो आला. रस्ता अरुंद, बाक मध्ये. अण्णा स्वतः उठले, बाकाचं एक टोक उचललं आणि टेम्पोला वाट करून दिली. मागच्या फळीवरून म्हशीचा पाठीमागचा भाग दिसत होता, काळाभोर, चकचकीत, शेपूट झुलत होतं.

"काय म्हैस आहे!" अण्णा म्हणाले. "घरच्या माणसानं मनापासून सांभाळलेली दिसते. कुणाची रे?"

चहावाल्याने गाळणी आपटली. कुणी आभाळाकडे पाहिलं, कुणी चपलेकडे. टेम्पोच्या मागोमाग थोड्या अंतरावर वहिनी चालत येत होत्या, पण अण्णांना बघून त्या पिठाच्या गिरणीच्या आडोशाला थांबल्या. ते आम्ही पाहिलं. अण्णा तेव्हा बाक जागेवर ठेवत होते.

"असेल कुणाची तरी," चहावाला म्हणाला.

"विकणाऱ्याची अडचण असणार," अण्णा म्हणाले. "नाहीतर असं जनावर कोण काढतं? माणसं फार घाबरतात बघ पैशाला."

त्या वेळी एकानेही तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं. पण चहा आला, आणि प्रत्येकाला आपापल्या कपात बघायचं निमित्त मिळालं.

पुढच्याच दिवशी विहिरीवर नवी मोटर सुरू झाली. पाटातून पाणी खळखळत गेलं, भेगांनी घटाघटा प्यायलं, मिरचीची माना टाकलेली झाडं संध्याकाळपर्यंत सावरली. अण्णा बाकावर येऊन म्हणाले, "बघा. मी एकदा तरी डोकं धरून बसलो का?"

ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली की ती दूध संस्थेच्या चेअरमनच्या कानावर गेली. संस्थेने सभासदांसाठी शहरातून एक व्याख्याता बोलावला होता. विषय होता 'विचार बदला, सुखी व्हा'. दुधाचा दर वाढवा अशी सभासदांची मागणी होती. त्यापेक्षा विचार बदलणं संस्थेला स्वस्त पडत होतं. व्याख्यात्याला गावातलाच एक सुखी माणूस मंचावर हवा होता, जिवंत उदाहरण म्हणून. चेअरमनने फार शोधाशोध केली नाही.

संस्थेच्या पत्र्याच्या सभागृहात दुपारी सगळे जमले. पत्रा तापलेला, पंखे गरम हवा वाटत होते. बायका एका बाजूला बसल्या होत्या, वहिनी मागच्या रांगेत. धार काढून, कडबा टाकून, भांडी उरकून त्या आल्या होत्या, आणि बसल्याबसल्या त्यांची पापणी मिटत होती. अण्णा मंचावर, इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला होता. तो कसा धरायचा ते न कळल्यामुळे त्यांनी तो कोंबडीसारखा बगलेत धरला होता.

व्याख्याता तरुण, चुणचुणीत. तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या आनंदाचं रहस्य या सगळ्यांना सांगा."

अण्णांनी घसा साफ केला. "रहस्य कसलं? माणूस उगाच ओझं घेतो. आता परवा आमची मोटर जळली. मिरची फुलावर. दुसरा असता तर रात्रभर झोपला नसता. मी झोपलो. आणि काय झालं? मोटर आली!"

"आपोआप?" व्याख्यात्याचे डोळे चमकले.

"आपोआप."

सभागृहात एकदम शांतता पसरली. पंख्याच्या पात्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात घालवलं.

व्याख्याता शहरातला, त्याला ती शांतता भारावलेपणाची वाटली. "टाळ्या!" तो म्हणाला. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या. "आणि अण्णा, संसार किती मोठा? जनावरं किती?"

"चार म्हशी आहेत," अण्णा म्हणाले.

संस्थेत दुधाचं माप घेणारा गडी दाराशी उभा होता. सकाळ-संध्याकाळ सगळ्या गावाचं दूध त्याच्या हाताखालून जातं. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तीन."

"तीन की चार?" व्याख्याता हसला. "सुखी माणूस मोजत नाही म्हणतात, तसं आहे वाटतं!"

यावर कुणी हसलं नाही. अण्णांनी मापवाल्याकडे पाहिलं, मग चहावाल्याकडे. चहावाला खाली बघत होता. त्याच्या शेजारचा खाली बघत होता. बाकावरचे आम्ही सगळे जण ओळीने, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे, खाली बघत होतो. आणि तिथेच, आमच्या वाकलेल्या मानांमध्ये, अण्णांना तो टेम्पो दिसला असावा. कारण त्यांच्या तोंडाचा रंग उतरला. बगलेतला गुच्छ हळूहळू खाली सरकला.

"ताई आल्या आहेत का?" व्याख्यात्याने बायकांकडे पाहिलं. "त्यांनाच विचारू. ताई, किती म्हशी?"

वहिनी उठल्या. पदर नीट केला. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि सगळ्या गावाला उत्तर माहीत होतं. त्यांनी एकदा मंचाकडे पाहिलं. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी इतक्या वर्षांत अण्णांना कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. त्या वेळी पाहिलं.

"चारच आहेत," वहिनी म्हणाल्या. "मापवाल्यांचं चुकलं असेल."

"आणि मोटर?"

"आली आपोआप."

त्या खाली बसल्या. मापवाल्याने मान हलवली, "चुकलं असेल माझं." मग टाळ्या झाल्या. आयुष्यात एवढ्या जोरात टाळ्या आम्ही कुणासाठी वाजवल्या नसतील. दुसरं काही कानावर पडू नये म्हणून माणूस जशा वाजवतो, तशा. बायकांच्या बाजूने मात्र एकही टाळी आली नाही.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा बाकावर आले नाहीत. आणि बाकावरही फारसं कुणी बसलं नाही. त्या संध्याकाळी गावातले बरेच पुरुष कधी नव्हे ते आपापल्या गोठ्यात डोकावले. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, सहज आलो.

अण्णा गुच्छ तसाच हातात घेऊन गोठ्यात शिरले तेव्हा वहिनी शेण भरत होत्या. चार खुंटे, तीन म्हशी. चौथ्या खुंट्याला दावं गुंडाळून ठेवलेलं, त्यावर धूळ. या खुंट्यावरून रोज पलीकडे जाऊन ते हातपाय धूत होते.

"कधी विकलीस?"

"मोटर आली त्याच्या आदल्या दिवशी."

"मला सांगायचं."

"सांगितलं की. तुम्ही होईल म्हणालात."

बाहेर ऊन कलत होतं, गोठ्यात माशा घोंगावत होत्या. अण्णा म्हणाले, "तिथे चार का म्हणालीस?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"खरं ते."

वहिनींनी फावडं टेकलं. "खरं सांगितलं असतं तर लोक तुम्हाला हसले असते. तुम्हाला हसण्याचं काही वाटत नाही मला, रोजच हसतात. पण मग सगळे माझ्याकडे बघणार. ही बाई इतकी वर्षं कुणाबरोबर राहते म्हणून. मला माझी लाज वाटली, तुमची नाही."

अण्णा खुंट्याजवळ खाली बसले. इस्त्रीचा शर्ट, शेणाची जमीन. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, आणि विचारल्यावर काय होईल हेही कळत होतं. हा बहुधा त्यांच्या आयुष्यातला पहिला विचार, जो त्यांनी शेवटपर्यंत केला. तरी विचारलं.

"कुठली विकलीस?"

वहिनी पुन्हा शेण ओढू लागल्या.

अण्णांनी राहिलेल्या तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. तिघी रवंथ करत होत्या. "चांदवाली का गं? कपाळावर पांढरा ठिपका होता ती? ती बरी होती."

शेजारच्या खुंट्यावरून चांदवालीने मान वर केली, कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट अण्णांकडे पाहिलं, लांब जीभ काढली आणि त्यांच्या मांडीवरचा गुच्छ ओढून खाऊ लागली.

वहिनींच्या तोंडून हसू फुटलं. ते हसूच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. कुंपणाच्या या बाजूने, माझ्या गोठ्यात कडबा बांधताना, एवढंच ऐकू आलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि टोपलीकडे वळल्या.

अण्णा उठले. फावडं त्यांनी घेतलं. धरलं उलटं, मग सुलटं केलं. चौथ्या खुंट्याखालची जागा कोरडी, स्वच्छ होती, तिथूनच त्यांनी खरवडायला सुरुवात केली.

"तिथे काही नाही," वहिनी म्हणाल्या. "कशाला उगाच? राहू द्या. होईल."

फावडं थांबलं. तो शब्द अण्णांनी आयुष्यभर उच्चारला होता, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते तसेच वाकलेले राहिले, कानशिलं लाल झालेली.

"कोण करेल?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी टोपली उचलून डोक्यावर घेतली. "मीच," त्या म्हणाल्या आणि उकिरड्याकडे चालू लागल्या.

अण्णा फावडं टाकून त्यांच्या मागे धावले. टोपली काढून घेतली. ती कशी घ्यायची ते माहीत नव्हतं, म्हणून पोटाशी धरली, आणि निम्मं शेण इस्त्रीच्या शर्टावरून खाली ओघळलं. तसेच ते गल्लीतून उकिरड्यापर्यंत गेले. वाटेत दुकानावरचे दोघे-तिघे भेटले.

"काय अण्णा, कुठे?" चहावाल्याने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

अण्णांनी टोपली वर सरकवली. "तीन म्हशी आहेत," ते म्हणाले, आणि पुढे गेले.