एका अक्षराचा पाठभेद

तत्त्वज्ञान विभागाचा कॉरिडॉर जिथं संपतो, तिथं जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या ठेवत. आता तिथं चिनोबा बसतो, आणि खुर्च्याही बसतात, कारण त्या कोणी हलवल्याच नाहीत. चिनोबा हे नाव त्याच्या आत्यानं ठेवलं. भाचा चिनी तत्त्वज्ञानात पीएच.डी. करणार म्हटल्यावर तिनं आधी कपाळाला हात लावला आणि मग बारसं उरकलं.

विभागात या विषयाचा तो एकटाच विद्यार्थी. त्यामुळं वर्गात पहिलाही तोच आणि शेवटचाही तोच. लोक विचारतात, "चिनी? म्हणजे मोबाइल दुरुस्त करता येतो का?" सुरुवातीला तो समजावून सांगायचा. आता "नाही येत" म्हणतो आणि पुढं चालू लागतो.

त्याचा सगळा प्रबंध दोन अक्षरांवर आहे. पहिल्याचा अर्थ जपणं, दुसऱ्याचा अर्थ एकटा. जुने भाष्यकार सांगतात, कोणी बघत नसताना माणसानं स्वतःला जपावं, कारण माणूस खरा कसा आहे ते तेव्हाच कळतं. नवे अभ्यासक म्हणतात, छे, एकटेपणाचा इथं काही संबंधच नाही, मनाच्या आत जे एकसंध असतं ते जपा असं म्हणायचंय. या भांडणात चिनोबा जुन्यांच्या बाजूनं कंबर कसून उभा आहे. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला कुत्रा असतो. म्हणजे कुत्र्याची खूण. हे त्यानं एकदा घरमालकीणबाईंना कौतुकानं दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "कुत्रा चालणार नाही हं, आधीच सांगितलंय."

त्याच्या मार्गदर्शक मॅडम वेगळ्याच चालीच्या आहेत. बांबूच्या पट्ट्यांवरची जुनी हस्तलिखितं वाचण्यात त्यांचे केस पांढरे झाले. त्या सांगतात की त्या काळचे लेखनिक पुष्कळदा कानावर लिहायचे. ऐकू आलं एक अक्षर, तर उतरवलं त्याच आवाजाचं दुसरं. म्हणून वाक्य विचित्र वाटलं, विनाकारण कठोर वाटलं, की आधी ते तोंडानं म्हणून बघायचं. म्हणणाऱ्याला दोष द्यायच्या आधी ऐकणाऱ्याच्या कानावर संशय घ्यायचा. चिनोबाच्या तिसऱ्या प्रकरणावर त्यांनी एकच शेरा मारला होता: 'तुम्ही डोळ्यांनी फार वाचता.' तो दोन दिवस फुरंगटून बसला होता.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडं वळू, कारण चिनोबा स्वतः कधी तिकडं वळत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक ग्रंथपाल होती. चिनी पुस्तकांवर क्रमांक चिकटवायचं काम तिच्याकडं आलं आणि भाषा येत नसल्यानं तिनं निम्मी पुस्तकं उलटी लावली. चिनोबा रोज जाऊन ती सुलटी करायचा. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी करायची. तिला वाटायचं, कोणीतरी मुद्दाम खोड्या काढतंय. एकदा दोघं एकाच कपाटापाशी समोरासमोर आले, दोघांच्या हातात एकच पुस्तक, आणि जे व्हायचं ते झालं. मग दोन वर्षं जिन्याखालच्या त्या खोलीत मोडक्या खुर्चीवर बसून ती डबा खायची आणि म्हणायची, "एकटेपणावर लिहितोस आणि माझ्या डब्यातलं खातोस."

लग्न करायचं दोघांचंही ठरलं होतं. तिची एकच अट होती, आणि ती काही वावगी नव्हती: आधी तुझ्या बाबांना भेटायचं. तिचं स्वतःचं असं कोणी नव्हतं. ज्या घरात आपण नको आहोत तिथं चोरट्यासारखं शिरणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं. आई होती तोवर फोन तीच घ्यायची आणि बाबा मागून "विचार, पैसे पुरतात का" एवढंच म्हणायचे. आई गेल्यावर फोन त्यांच्या हातात आला आणि काय बोलायचं हे दोघांनाही कळेना.

तरी चिनोबानं धीर केला. संध्याकाळी, ती समोर बसलेली असताना, स्पीकर लावून त्यानं फोन केला. तिच्याबद्दल सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "सुट्टीत यावं म्हणतोय. तिला घेऊन येऊ का?"

बाबा काहीतरी पुटपुटले, खोकले. मग आवाज आला, "अरे, एकटा ये."

"काय?"

"एकटा ये रे. बरं." आणि फोन बंद झाला.

ती हसली. वाईट वाटलं की ती हसायचीच. "ऐकलं," ती म्हणाली. चिनोबाचं डोकं फिरलं होतं. त्यानं परत फोन केला नाही. तो म्हणाला, आता मी जाणारच नाही. ती म्हणाली, "म्हणजे मीच ना कारण, तुझ्या न जाण्याचं?" सुट्टीभर त्यानं चौथं प्रकरण लिहिलं, आणि कोणी बघत नसताना माणसानं कसं वागावं यावर फार सुंदर लिहिलं.

पुढच्या सत्रात तिनं दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयात बदली मागून घेतली. जाताना चिनी पुस्तकांचं कपाट तिनं पहिल्यांदाच बिनचूक लावून दिलं. पावसाळ्यानंतर तिचं लग्न झाल्याचं मॅडमकडून कळलं. चिनोबा "छान" म्हणाला आणि खोलीत जाऊन दार लावून बसला. डबा आता तो आणतच नाही. जेवायची आठवण करून देणारं कोणी नसलं की भूकही हळूहळू बोलायची बंद होते, हे त्याला कुठल्याच भाष्यात सापडलं नव्हतं.

बाबांना तो फोन करायचा, नाही असं नाही. पण ते तरी काय बोलायचे? "बरा आहे." "हं." "बरं." आवाज सारखा गुळमुळीत. "फोन बिघडलाय," म्हणायचे. चिनोबाला वाटायचं, मनात अढी धरून बसलेत. त्यानंही मग मूग गिळले. तिच्याबद्दल बाबांनी एक अक्षर विचारलं नाही, आणि तिचं लग्न झालं हे यानं सांगितलं नाही.

परवा आत्याचा फोन आला. आत्या बोलायला लागली की समोरच्याला फक्त श्वास घेता येतो.

"अरे चिनोबा, एक गंमत सांगते, दादाला नको सांगू मी सांगितलं म्हणून. त्यानं कवळी बसवली! सगळे दात काढून टाकले होते रे, हिरड्या सुजायच्या, भरायला वेळ लागला, मग पहिली कवळी लागेना, परत मापं. वर्ष गेलं की! आणि मला शपथ घातलेली, पोराला बोलायचं नाही. अरे, पण बोलणं काय झालं होतं त्याचं! द म्हणून नाहीच तोंडात. 'दार' म्हणाला की ऐकू यायचं 'टार'. दूधवाल्याला म्हणतो, 'टोन पिशव्या टे.' तो बिचारा बघतच राहिला. तोंडाचं नुसतं बोळकं... ऐकतोयस ना?"

चिनोबा ऐकत नव्हता. तो तोंडानं म्हणून बघत होता. द. जीभ वरच्या दातांना टेकली. पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं: त, थ, द, ध, न, दंत्य. दातच नसतील तर जीभ जाईल कुठं? मागं, टाळ्याकडं. त्यानं जीभ मागं नेली आणि पुन्हा म्हटलं. एकदा ये. एकडा ये. एकटा ये.

त्यानं ते दहादा तरी म्हटलं असेल. बाहेर शिपाई थांबून आत डोकावला आणि निघून गेला. वाक्य विनाकारण कठोर वाटलं की काय करायचं, हे त्याला शिकवलेलं होतं. परक्या, मेलेल्या लेखनिकांसाठी त्यानं ते शंभरदा केलं होतं. आत्या अजून बोलतच होती. त्यानं "नंतर करतो" म्हणून फोन ठेवला आणि लगेच बाबांना लावला.

"बोल," बाबा म्हणाले. आवाज खणखणीत होता, मागं हलकंसं खटखट.

"दात बसवले म्हणे."

"झालं, बोलली वाटतं ती! बसवले. वाजतात जरा, पण बसतील." बाबा इतकं सलग बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. "तुला मुद्दाम नव्हतं सांगितलं. म्हटलं, ती पोरगी पहिल्यांदा घरी येणार, हे असलं तोंड घेऊन काय भेटायचं तिला? तुम्ही येईपर्यंत दात बसतील असं वाटलं होतं. हसता पण येत नव्हतं रे. नंतर तूच काही विषय काढला नाहीस. मी म्हटलं, असेल काही कामात."

"बाबा, तिला घेऊन येऊ का विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, एकदा ये. दोनदा म्हटलं." द अगदी लख्ख आला. "तुझ्या आईची खोली झाडून घेतली तेव्हाच. पडदेही बदलले, जुने फार अंधारे होते. मग, येताय कधी?"

येताय. चिनोबानं भिंतीला पाठ टेकली. तिघं मोडक्या खुर्च्यांसारखे गप्प राहिलो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं. त्यानं फोन थोडा लांब धरला. मग जवळ आणला.

"शुक्रवारी येतो, बाबा."

"ये, ये. तिला काय आवडतं खायला? आत्ताच सांगून ठेव."

"ती नाही यायची, बाबा. तिचं लग्न झालं."

पलीकडं कवळी एकदा वाजली.

"म्हणजे एकटा?" बाबांनी विचारलं.

नव्या दातांमागून ट इतका स्वच्छ आला, की इथं दुसरा कुठला पाठ संभवतच नव्हता.

"हो," चिनोबा म्हणाला. "एकटाच येतो."